किण्व : येळवसेच्या आंबिलापासून सुरेच्या उगमापर्यंत

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या अणदूर परिसरात गाव ओस पडते आणि शिवार गजबजते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद), लातूर व सोलापूर या पट्ट्यातील वैद्यबंधूंना वेळ अमावास्या, म्हणजेच बोलीतील येळवस, निराळी सांगावयास नको. अन्य जिल्ह्यांतील वाचकांसाठी एवढेच सांगतो की, त्या दिवशी शेतात कडब्याची खोप करून तीत पांडव मांडतात, लक्ष्मीची पूजा होते आणि इष्टमित्रांसह वनभोजन घडते. भज्जी, उंडे, खीर हे पदार्थ असतातच. परंतु त्या पंगतीचा खरा मान आंबिलाला. ज्वारीचे पीठ व ताक एकत्र करून मडक्यात आंबविलेले हे पेय आग्रहाने वाढले जाते व तांब्यामागून तांबे रिचवले जातात.

अशाच एका येळवसेला एका शेतकरी रुग्णाच्या मळ्यावर प्रस्तुत लेखकास निमंत्रण होते. वयाने ज्येष्ठ, सारा गाव ज्यांना तात्या म्हणतो असे हे गृहस्थ एके काळी मद्याच्या पूर्ण आहारी गेलेले होते. सर्वांना आंबिल वाढून झाल्यावर ते स्वतःचा पेला हातात धरून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्या आंबिलात नशा असतीय का वो? सात वर्सं झाली, थेंबाला शिवलो न्हाई."

"नाही तात्या, निर्धास्त प्या," मी म्हणालो.

तात्या पेला तोंडाला लावीनात. थोडे थांबून म्हणाले, "मग तुमी झोपंसाठी दिलेल्या बाटलीत?"

मी त्यांना अश्वगंधारिष्ट दिले होते. या प्रश्नाचे उत्तर मला तेथे उभ्या उभ्या देता आले नाही. ते नीट द्यावयाचे, तर एकाच गावात, एकाच हवेत, एका मडक्याचे आंबिल होते आणि दुसऱ्या मडक्यात मद्यांश उपजतो, तो का, हे पाहावे लागते. त्या शोधात जे वाचले व जे स्वतःच्या भट्टीघरात पाहिले, ते येथे मांडीत आहे.

किण्व म्हणजे काय?

शार्ङ्गधराने मध्यमखंडात आसवारिष्टांच्या अध्यायात सुरेचे थर सांगितले आहेत. वरची निवळ ती प्रसन्ना, तिच्याखालील दाट ती कादंबरी, त्याखाली जगल, त्याहून घट्ट मेदक आणि सार निघून गेलेला चोथा तो बक्कस. या मालिकेच्या शेवटी तो सुराबीजाला किण्वक म्हणतो. बीज हा शब्द येथे लक्षात घेण्यासारखा आहे. तळाशी बसलेला हा गाळ पुढील संधानात घातला असता तेथे पुन्हा सुरा उगवते, हे निरीक्षण त्या एका शब्दात साठविलेले आहे. आज सूक्ष्मदर्शकाखाली तो गाळ पाहिला तर त्यात यीस्टच्या पेशींचा खच दिसतो. पुष्कळ पेशींना लहान अंकुर फुटलेला असतो.

किण्वाचा सर्वांत मनोरंजक उपयोग मात्र वैद्यांनी नव्हे, चार्वाकांनी केला. किण्वादी द्रव्ये वेगवेगळी असता त्यांत मद नसतो, एकत्र आल्यावर मदशक्ती उत्पन्न होते. तद्वत जड भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, असा त्यांचा दृष्टांत. त्याचे खंडन करण्यात आपल्या दर्शनकारांनी बरीच शाई खर्च केली. गंमत अशी की, दृष्टांतातील ते किण्वच मुळी सजीव निघाले! सन १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर व जर्मनीत श्वान यांनी, परस्परांशी संबंध नसता, यीस्ट ही सजीव वस्तू असून तिच्या वाढीमुळेच साखरेचे मद्य होते असे दाखविले. (शास्त्रज्ञाच्या नावातील लातूरचा आमच्या शेजारच्या लातूरशी काही संबंध नाही.) त्या काळच्या थोर रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची थट्टाच केली. पुढे पाश्चर यांनी हा वाद निकालात काढला आणि १८७६ मध्ये बियरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट उपयोगात आणले. १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्ट भरडून काढलेल्या पेशीरहित रसानेही साखरेचे मद्य होते हे सिद्ध केले. म्हणजे कार्य पेशीतील विकरांचे. चार्वाकाला थोडेसे समाधान द्यावयाचे असेल तर ते बुखनर यांच्या प्रयोगात मिळेल.

ध्यानी घ्यावयाची गोष्ट ही की, १८८३ पूर्वी जगात जेवढी बियर, जेवढी सुरा, जेवढी आसवारिष्टे झाली, ती सर्व रानटी किंवा अर्धवट माणसाळलेल्या यीस्टच्या भरवशावर झाली. आपण वैद्य आजही धायटीची फुले घालतो तेव्हा त्याच भरवशावर असतो.

रानातील यीस्ट राहते कोठे?

यीस्ट हवेतून येते असे आपण सहज म्हणतो. हे अर्धसत्य आहे. मद्याचे मुख्य यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, हवेत फारच विरळ आढळते. द्राक्षांवरील पांढुरकी लव म्हणजे यीस्ट, असाही समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः ती मेणाची असते. अखंड, निरोगी द्राक्षाच्या सालीवर इतर जातींची यीस्टे भरपूर सापडतात, सेरेव्हिसी क्वचितच. फळ तडकले, रस बाहेर आला, माशी-गांधीलमाशी त्यावर बसली, की मात्र चित्र पालटते.

या गांधीलमाशीचे महत्त्व २०१२ साली इटलीतील संशोधकांनी उजेडात आणले. हिवाळ्यात द्राक्षे नसतात, तेव्हा हे यीस्ट जाते कोठे, हा जुना प्रश्न होता. थंडीभर दडून राहणाऱ्या गांधीलमाशीच्या राणीच्या आतड्यात ते जिवंत राहते आणि वसंतात ती आपल्या अळ्यांना भरविते तेव्हा पुढील पिढीकडे जाते, असे त्यांना आढळले. आमच्या खंडोबाची मूर्ती सव्वादहा महिने अणदुरात व पावणेदोन महिने नळदुर्गात असते. उपमेबद्दल क्षमा असावी, परंतु या सूक्ष्म जीवालाही असे दोन मुक्काम आहेत. यांखेरीज ओक वृक्षाची साल व तळची माती हेही त्याचे घर. चीनमधील प्राचीन अरण्यांत सेरेव्हिसीचे वैविध्य सर्वांत अधिक सापडते आणि २०१८ मध्ये सहस्राहून अधिक वाणांच्या जनुकांची तुलना झाली, तीतूनही त्याचे मूळ पूर्व आशियात असावे असाच कौल मिळाला.

आपल्या भागातील उदाहरण हवे तर शिंदीचे घ्यावे. शिंदीच्या झाडास खाच पाडून मडके अडकविले की सूर्योदयापूर्वी गोड नीरा मिळते आणि ऊन चढता चढता तिची ताडीसारखी शिंदी होते. कोणी काही मिसळीत नाही. खाच, मडक्याची आतील बाजू आणि भोवती घोंघावणारे कीटक हेच तिचे किण्व. निजामी राज्यात या झाडांवरील अबकारी उत्पन्न मोठे होते, म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचा एक कार्यक्रम ठरला.

ज्वारीची अडचण

नीरा, मध, द्राक्ष, मोहाचे फूल यांत साखर आयती असते; यीस्टने येऊन बसावे एवढेच उरते. धान्याची गोष्ट वेगळी. धान्यात पिष्ट असते आणि सामान्य यीस्टला पिष्ट खाता येत नाही. म्हणून धान्यापासून मद्य करणे ही फळांपासून मद्य करण्याहून अवघड विद्या आहे. त्यासाठी आधी पिष्टाची साखर व्हावी लागते आणि मानवाने ती करण्याचे तीन मार्ग शोधले : धान्य चघळून लाळेने, धान्यास मोड आणून, अथवा धान्यावर विशिष्ट बुरशी वाढवून.

मोड आणण्याचा मार्ग पश्चिम आशियाचा. इस्रायलमधील राकेफेत गुहेत दगडी उखळींवर सापडलेल्या पिष्टकणांवरून तेरा हजार वर्षांपूर्वी नाटुफियन लोक मोड आलेल्या धान्याचे आंबवण करीत असावेत, असे मत २०१८ साली मांडले गेले. ते सर्वमान्य झालेले नाही. इराणमधील गोदिन टेपे येथील सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या घड्याच्या आतील खाचांत कॅल्शियम ऑक्झलेटचा थर मिळाला, तो पुरावा अधिक भक्कम. जवाची बियर मुरते तेव्हा असा थर बसतो. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. खोल खाचा असलेल्या त्या घड्यांना माझ्या मते दुहेरी महत्त्व आहे. जे भांडे घासूनही पूर्ण स्वच्छ होत नाही, तेच पुढच्या घाण्याला किण्व पुरविते. पहिल्या सुराकाराने यीस्ट शोधले नाही. त्याने बहुधा फक्त तेच मडके पुन्हा वापरले.

आपल्याकडेही मोडांचा मार्ग ठाऊक होता. सौत्रामणी यागासाठी सुरा करावयाची तिच्या द्रव्यांत शष्प, तोक्म, लाज व नग्नहु ही नावे येतात. भाष्यकारांच्या मते शष्प म्हणजे मोड आलेले व्रीही, तोक्म म्हणजे मोड आलेले यव, लाज म्हणजे लाह्या आणि नग्नहु हे किण्वद्रव्य. हे मिश्रण तीन रात्री ठेवावयाचे. आज बियरच्या कारखान्यात जवाला मोड आणून, सुकवून, जे द्रव्य वापरतात त्याची ही जुनी भावंडे होत. याचा अर्थ आधुनिक बियर आपण शोधली असा नव्हे. असे दावे आपल्या सभांतून फार ऐकू येतात व त्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. मोड आलेले धान्य गोड लागते हे जेथे जेथे धान्य भिजले तेथे तेथे लोकांना कळले असणार.

तिसरा, बुरशीचा मार्ग कौटिल्याच्या सुराध्यक्ष प्रकरणात दिसतो. कच्च्या किंवा शिजविलेल्या एक द्रोण माषाला एक तृतीयांश अधिक तांदूळ व मोरटादी वनस्पती कर्षप्रमाणात घालून किण्वबंध करावा, आणि मेदकासाठी एक द्रोण पाण्यात अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व घ्यावे, असे तेथील मान आहे. तांदळाच्या तुलनेत किण्वाचे हे प्रमाण फार मोठे आहे. आजचे यीस्ट चिमूटभर पुरते. मग एवढे किण्व कशाला? उत्तर पूर्वेकडे मिळते. झारखंड-ओडिशातील हंडिया ज्या राणू अथवा बाखर नामक गोळ्यांनी करतात, सिक्कीम-नेपाळात जी मार्चा वापरतात, ती सारी तांदळाचे पीठ व वनस्पती यांपासूनच बनतात. त्यांत रायझोपस, म्यूकर यांसारख्या बुरशी पिष्टाची साखर करतात आणि यीस्टे साखरेचे मद्य. कौटिल्याचे किण्व याच जातीचे असावे असे मला वाटते. तसे असल्यास त्याचे काम दुहेरी होते आणि मोठे प्रमाण आपोआप उलगडते.

आता तात्यांच्या मडक्याकडे वळू. येळवसेच्या आंबिलात ज्वारीला मोड आणलेले नसतात आणि बुरशीची गोळीही घातलेली नसते. पिष्ट बहुतांशी पिष्टच राहते. जी थोडी साखर मोकळी असते, तिच्यावर ताकातील व पिठावरील लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू तुटून पडतात आणि एका रात्रीत पेय आंबट करतात. रानटी यीस्ट तेथेही असते, फेस थोडा त्याचाही असतो. पण त्याच्या वाट्याला अन्नही नाही आणि वेळही नाही. मद्यांश नाममात्र. याच ज्वारीला आफ्रिकेत मोड आणून बुर्किना फासोमध्ये डोलो आणि दक्षिण आफ्रिकेत उमकोंबोथी ही बियर करतात. धान्य एक, संस्कार भिन्न. (मोडाच्या ज्वारीविषयी एक इशारा : कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात ती ज्या विषद्रव्यामुळे, ते तिच्या मोडांतही असते. मटकीप्रमाणे ती मोड आणून कच्ची खाण्याचा सल्ला कोणी रुग्णास देऊ नये.)

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर आंबिल हे अम्लसंधान, कांजिकाच्या कुळातील. चरकाने सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसवांची गणना केली, तीत धान्यासव सहा आहेत : सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक व धान्याम्ल. मादक सुरा आणि आंबट धान्याम्ल एकाच पंक्तीत बसविलेले पाहून मला पूर्वी आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. मडक्यात काय घडते ते एकच, कोण जिंकते एवढाच प्रश्न.

धायटीचे फूल काय करते?

धातकी, आपली धायटी, ही लाल फुलांची वनस्पती माघ-फाल्गुनापासून फुलते. फुलात मध असतो, कीटक व पक्षी येतात आणि त्यांच्या पायी यीस्टही येते. म्हणून वाळलेल्या फुलांबरोबर किण्व मडक्यात उतरते, हे स्पष्टीकरण आपण विद्यार्थ्यांना देतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. सन १९९३ मध्ये 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी'त निंबारिष्टावरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धायटीच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकराची क्रिया आढळली. तसेच व्याधिक्षमत्वावरील परिणाम वाढला तो सूक्ष्मजीवांमुळे नसून फुलांतून उतरलेल्या घटकांमुळे, असेही दिसले. शिवाय फुलांतील कषाय द्रव्ये नको त्या जीवाणूंना आवर घालीत असावीत. एकंदरीत धायटी ही नुसती यीस्टची पिशवी नव्हे. म्हणूनच तिच्याऐवजी बेकरीचे यीस्ट टाकले की काम झाले, असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. मद्यांश ठरलेल्या वेळी व ठरलेल्या प्रमाणात येतो हा कारखानदारीचा लाभ खरा. पण फुलेच वगळली तर कल्प तो राहत नाही. दोन्ही घालणारे आहेत, त्यांचे मला पटते.

दुसरी बाब शर्करेच्या मानाची. जेथे मान सांगितलेले नाही तेथे एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, त्याच्या निम्मे मध व दशमांश प्रक्षेप, हा शार्ङ्गधराचा सामान्य नियम. द्रोण १२.२८८ लीटर व तुला ४.८ किलो धरल्यास सव्वाबारा लीटर द्रवात ७.२ किलो मधुरद्रव्य येते. गूळ-मध विरघळून वाढणारे आकारमान हिशेबात घेता ते शेकडा ४२ च्या आसपास जाते. एवढ्या दाट पाकात बहुतेक यीस्ट पाणी गमावून निपचित पडते; मुरंबा टिकतो तो याच न्यायाने. परंतु प्रस्थापासून पुढे द्रव द्रव्याचे मान दुप्पट घ्यावे आणि तुलेचे मात्र दुप्पट घेऊ नये, ही परिभाषा लावली की द्रव साडेचोवीस लीटर होतो आणि मधुरद्रव्य शेकडा २५ वर येते. यीस्टच्या सोयीची मर्यादा हीच. द्रवद्वैगुण्य पाळावे की नाही यावर आपल्या परिषदांत वाद होतात. यीस्टला विचारले तर त्याचे मत स्पष्ट आहे.

मडक्यात पुढे काय होते तेही पाहण्याजोगे आहे. आरंभीचे दोन-तीन दिवस लिंबाच्या आकाराच्या पेशींची हॅन्सेनियास्पोरा आदी रानटी यीस्टे धुमाकूळ घालतात. फेस व फळासारखा सुगंध त्यांचा. मद्यांश शेकडा चार-पाचच्या पुढे गेला की त्यांतील बहुतेक मरतात. सेरेव्हिसी मात्र तगते, कारण ते प्राणवायू उपलब्ध असतानाही साखरेचे मद्यच करते आणि त्या मद्याने प्रतिस्पर्ध्यांना मारून उरलेली साखर एकट्याने खाते. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळ लँबिक नावाची बियर आजही यीस्ट न घालता करतात. उकळलेला रस रात्रभर उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात, मग लाकडी पिंपांत भरतात आणि एक ते तीन वर्षे मुरवितात. तेथेही पहिल्यांदा हलकी यीस्टे, मग सॅकरोमायसिस, मग आम्लकारी जीवाणू, आणि सर्वांत शेवटी ब्रेटॅनोमायसिस अशी पाळी लागते. रात्रीच्या हवेपेक्षा त्या जुन्या पिंपांच्या लाकडात मुरलेल्या वस्तीचा वाटा मोठा, असे आता मानतात. थंडीत हळूहळू आंबणाऱ्या लागर बियरचे यीस्ट तर सेरेव्हिसी व एका रानटी जातीचा संकर निघाले. ती रानटी जात, युबायानस, २०११ साली अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात दक्षिणी बीच वृक्षांच्या गाठींवर मिळाली. पुढे तिबेटमध्येही सापडली. जगात सर्वाधिक खपणाऱ्या बियरचा अर्धा बाप कोठला, हे बियर विकू लागल्यावर काही शतकांनी कळले!

आता स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वैशाखात मी दशमूलारिष्टाचे संधान लावले. बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे, मडके पत्र्याच्या खोलीत. आठवड्यात उसळी थांबली. मुख उघडले तर शिरक्याचा वास. अति उष्म्याने यीस्ट गळाठले, आम्लकारी जीवाणूंनी राज्य घेतले आणि सैल कपडमातीतून हवा मिळताच मद्याचे शुक्त झाले. बिघडून आंबट झालेले मद्य म्हणजे शुक्त, हे शार्ङ्गधराने सांगितलेले आहेच. ते वाचलेले होते, अनुभवले तेव्हा समजले. धान्यराशीत अथवा जमिनीत पात्र पुरण्याचा विधी हा उष्णतामान स्थिर ठेवण्याचा उपाय आहे. घृतलेपाने मातीची रंध्रे बुजतात. गुग्गुळ, जटामांसीच्या धूपनाने पात्रातील जुनी नकोशी वस्ती कमी होत असावी. तेव्हापासून मी संधान कार्तिकानंतरच लावतो आणि पहिले काही दिवस मुख पूर्ण बंद करीत नाही. वायू निघून जाऊ देतो, नाही तर मडके फुटते. जळती काडी मुखाशी विझते तो कर्बवायूमुळे. लहान मडक्यात ही परीक्षा आहे, मोठ्या टाकीत तोच वायू प्राणघातक आहे. टाकी धुण्यास माणूस उतरविण्यापूर्वी ती पूर्ण हवेशीर झाल्याची खात्री केलीच पाहिजे.

तात्यांच्या बाटलीतील मद्य

आयुर्वेदीय फार्माकोपियात बहुतेक आसवारिष्टांचा स्वजन्य मद्यांश शेकडा ५ ते १० च्या दरम्यान अपेक्षिला आहे. बाटलीच्या वेष्टनावर तो बारीक अक्षरांत छापलेला असतो. रुग्ण तो वाचत नाही आणि आपण सांगत नाही. शेकडा ८ चे अरिष्ट २० मिली घेतले तर १.६ मिली, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम मद्य पोटात जाते. दोन वेळचे मिळून अडीच ग्रॅम. शेकडा ५ मद्यांशाच्या ६५० मिली बियरमध्ये सुमारे पंचवीस ग्रॅम असते. म्हणजे दिवसाची मात्रा त्या बाटलीच्या दशांशाएवढी. सामान्य रुग्णास, अन्नानंतर, समभाग पाण्यातून, यात काही वावगे नाही. औषधाचे घटक द्रवात उतरविणे व टिकविणे हे मद्यांशाचे कार्य मोलाचे आहे.

पण तात्या सामान्य रुग्ण नव्हते. मद्यपान सोडलेल्या व्यक्तीला प्रश्न केवळ ग्रॅमचा नसतो. वास व जिभेवरील चटका यांनीही जुनी ओढ जागी होऊ शकते. त्यातच पुष्कळांना व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम दिलेले असते. ते चालू असताना थोड्या मद्यांशानेही चेहरा लाल होणे, धडधड, वांती, रक्तदाब घसरणे असे गंभीर परिणाम होतात. मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्यासही मद्यांश टाळण्याचाच इशारा असतो. यकृतविकार, गर्भावस्था आणि लहान मुले यांबाबतीतही विचार करावयास हवा. मधुमेहात मद्यांशाबरोबर उरलेला गूळही मोजावा लागतो. अरिष्ट लिहिण्यापूर्वी "आपण कधी मद्य घेत होता का, सध्या कोणती औषधे चालू आहेत?" एवढे विचारण्यास अर्धा मिनिट लागतो. मी तात्यांना तो अर्धा मिनिट दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांना खरे ते सांगितले : बाटलीत मद्यांश आहे, थोडा आहे, पण आहे, आणि तो तुम्हांला विचारल्याशिवाय दिला ही माझी चूक. डायसल्फिराम त्यांनी पूर्वीच बंद केले होते, त्यामुळे अनर्थ टळला. त्यांनी पिशवीतून बाटली काढून मेजावर ठेवली. झाकणाचे सील तसेच होते. वास लांबूनच ओळखला होता म्हणाले; शेजाऱ्याच्या घरी तेच औषध चालू होते. अरिष्टाऐवजी अश्वगंधा चूर्ण रात्री कोमट दुधातून सुरू केले. सुमारे महिन्याभरात झोप बरीच सुधारली.

"आंबिल मग चालतंय न्हवं?" जाताना त्यांनी विचारले. त्या दिवशी पेला तसाच राहिला होता.